नांदेड-लातुरांतील रसायनशाळांच्या प्रयोगवह्या : एक उपेक्षित साधन

१. सनदा, महजर, कैफियती व जमाखर्चाच्या वह्या हीं इतिहासाचीं साधनें होत, हें या पत्राच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु पूर्वीं वाड्यांतील दप्तरें ज्या रीतीनें वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यास गेलीं, त्याच रीतीनें आज दुसरें एक दप्तर रद्दींत जात आहे. हें दप्तर म्हणजे बी. एस्सी.च्या विद्यार्थ्यांनीं रसायनशाळेंत लिहिलेल्या प्रयोगवह्या. नांदेड व लातूर येथील अशा वह्यांचा काल कसा ठरवावा, त्यांतील अस्सल कोणती व नक्कल कोणती, आणि त्यांवरून काय सिद्ध होतें, एवढ्याच गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

२. प्रथम पूर्वपीठिका. निजामी अमलांत या प्रदेशाच्या उच्च शिक्षणाचें केंद्र हैदराबाद हें होतें. तेथें इ. स. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें व शास्त्रीय विषयहि उर्दूंतून शिकवूं लागले. त्याकरितां ग्रंथांचीं भाषांतरें करणारें स्वतंत्र खातें १९१७ सालींच निघालें होतें. मराठी ज्यांस आम्ल, रेणु व मूलद्रव्य म्हणते, त्यांस उर्दू ग्रंथांत तुर्शा, सालिमा व उन्सुर हे शब्द आहेत. मराठींत हें कार्य त्याहिपूर्वीं कोल्हापुरास बाळाजी प्रभाकर मोडक यांनीं आरंभिलें होतें. रसायनादि शास्त्रांवर मराठी पुस्तकें लिहिणारे हेच मोडक दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांच्या इतिहासाचेहि लेखक होत, ही गोष्ट आपल्या मंडळींस ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झाल्यावर परिस्थिति पालटली. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९६१ सालीं लातुरास दयानंद महाविद्यालय, १९६३ सालीं नांदेडास यशवंत महाविद्यालय व सायन्स कॉलेज, आणि १९७० सालीं लातुरास राजर्षि शाहू महाविद्यालय, असा हा क्रम आहे. शास्त्रशाखेची भाषा आतां इंग्रजी झाली. शाळेंत मराठींतून शिकलेला मुलगा येथें इंग्रजींत प्रयोग लिहूं लागला. म्हणून वहीच्या समासांत पेन्सिलीनें लिहिलेला एखादा मराठी वा उर्दू प्रतिशब्द आढळल्यास तो खोडसाळपणा समजून सोडूं नये. तो तीन भाषांच्या संधीवरील पुरावा होय.

३. आतां कालनिर्णय. पुष्कळ वह्यांवर सालच नसतें. अशा वेळीं पहिल्या पानावरील प्रमाणपत्र व त्यावरील शिक्का पाहावा. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजीं स्थापन झालें. तत्पूर्वींच्या वहीवर उस्मानियाचा संबंध अपेक्षावा. १४ जानेवारी १९९४ रोजीं त्या विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव जोडलें गेलें, आणि त्याच वर्षीं १७ सप्टेंबरला नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्वतंत्र झालें. दुसरी खूण जिल्ह्याची. लातूर हा निराळा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. त्यामुळें ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असा मजकूर असणारी वही बहुधा त्यापूर्वींची समजावी.

तिसरी खूण तराजूची. जुन्या वहींत एका पदार्थाचें वजन देतांना पेटींतील ग्रॅमचीं व मिलिग्रॅमचीं वजनें एकाखालीं एक मांडून त्यांची बेरीज केलेली असते. विजेच्या तराजूचा प्रघात पडल्यावर ही बेरीज नाहींशी होते व दशांशानंतर चार अंक असलेली एकच संख्या उरते. शिक्का फाटला असला तरी ही खूण फाटत नाहीं.

४. अस्सल-नकलेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. प्रयोगशाळेंतील शिक्षणाचा क्रम असा : अध्यापक प्रथम फळ्यावर तत्त्व व कृति सांगतात, विद्यार्थी प्रयोग करून आंकडे कच्च्या वहींत टिपतो, अध्यापक तेथें सही करतात, नंतर घरीं तोच मजकूर सुवाच्य अक्षरांत जर्नलांत उतरवावयाचा असतो. हें जर्नल प्रमाणित झाल्यावांचून प्रात्यक्षिक परीक्षेस बसतां येत नाहीं. सबब जर्नल जपलें जातें आणि कच्ची वही फेंकली जाते. संग्राहकहि स्वच्छ प्रत पसंत करतात. परंतु आपल्या शास्त्राच्या नियमानें पाहतां कच्ची वही ही अस्सल व जर्नल ही नक्कल आहे.

अनुमापनाचें उदाहरण घेऊं. पिपेटनें १० मिलिलिटर द्रावण शंकुपात्रांत घेतात व ब्युरेटमधून दुसरें द्रावण रंग बदलेपर्यंत सोडतात. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. खऱ्या हातानें केलेल्या कामांत पहिलें वाचन अंमळ जास्त येतें, पुढें हात बसतो, ९.९, ९.७, ९.८, ९.७ अशी ओळ दिसते. जर्नलांत मात्र ९.७ हाच आंकडा तीन वेळां सरळ उभा असतो. जर्नलावरून विद्यार्थ्यानें काय दाखविलें तें समजतें. त्याचा हात कोणत्या वाचनाला बसला, हें केवळ कच्ची वही सांगते. दोन्ही वह्या मिळाल्यास त्यांची रुजुवात करावी.

५. पोथीसंग्राहकांस जवळचा वाटेल असा दुसरा प्रयोग म्हणजे क्षारांचें पृथक्करण. फ्रेसेनियस या जर्मन रसायनज्ञानें १८४१ सालीं ग्रंथरूपानें मांडलेली ही पद्धति आपल्या महाविद्यालयांत दीर्घकाल चालली. धातूंचे गण पाडून एकेका गणाचा साका क्रमानें खालीं बसवितात. दुसऱ्या गणासाठीं किपच्या उपकरणांतून कुजक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायु सोडीत. त्यानें तांब्याचा काळा, कॅडमियमचा पिवळा व अँटिमनीचा नारिंगी साका पडतो. सोमलाचा पिवळा साका पडतो, तो घटकांच्या दृष्टीनें हरताळच होय. आणि पाऱ्याचा काळा साका पडतो, त्याचे घटक हिंगुळाचेच. म्हणजे ज्या द्रव्यानें लेखक पोथींतील चूक झांकीत व ज्यानें समासाच्या तांबड्या रेघा आंखीत, तींच द्रव्यें विद्यार्थ्याच्या परीक्षानळींत उतरतात. वायु विषारी असल्यानें हा प्रयोग अलीकडे पुष्कळ ठिकाणीं मागें पडला आहे, म्हणून त्याच्या जुन्या नोंदींची किंमत वाढते.

येथें एक भेद लक्षांत घ्यावा. पोथीलेखक चुकीवर हरताळ लावी. रसायनशाळेंतील शिस्त याच्या उलट आहे. चुकलेला आंकडा खोडरबरानें पुसूं नये, त्यावर एक रेघ मारावी व खालचा अंक वाचतां यावा, असें विद्यार्थ्यास शिकविलें जातें. कच्च्या वहींत ही शिस्त दिसते; जर्नलांत मात्र साऱ्या खोडलेल्या आंकड्यांवर एकदमच हरताळ फिरलेली असते.

६. या वह्यांवरून शिक्षणाखेरीज प्रदेशाचीहि माहिती मिळूं शकते. पाण्याची कठिणता मोजण्याचा प्रयोग बी. एस्सी.च्या वर्गांत नेहमींचा आहे. पाण्यांत दर्शक घातल्यावर मद्यासारखा तांबडा रंग येतो. ईडीटीएचें द्रावण पुरेसें पडतांच तो निळा होतो. त्या द्रावणाची तीव्रता ०.०१ मोलर असल्यास त्याचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ५० मिलिलिटर पाण्यास १५ मिलिलिटर लागले तर कठिणता दर लिटरास ३०० मिलिग्रॅम ठरते. नमुना कोणत्या गांवच्या विहिरीचा वा विंधनविहिरीचा, हें विद्यार्थ्यानें लिहून ठेविलें असेल, तर तें पान त्या गांवाच्या पाण्याचा दिनांकित दाखला होय. ज्या लातुरास १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन आगगाडी आली, तेथें अशा दाखल्याचें मोल निराळें सांगावयास नको.

७. सारांश, महाविद्यालयांचे अहवाल इमारती, पटसंख्या व निकाल सांगतात. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनीं हातानें काय केलें, हें सांगणारा कागद हाच. तो मिळाल्यास कच्ची वही व जर्नल एकत्र ठेवावें, प्रमाणपत्राचें पान कापूं नये, समासांतील लेखन पुसूं नये. आम्लानें पडलेलीं भोंकें व डाग तसेच राहूं द्यावे. तेहि साक्षच देतात. मात्र अशा वह्या इतर पोथ्यांपासून वेगळ्या बांधाव्या, नाहींतर तेंच आम्ल शेजारच्या कागदास लागेल. ज्यांच्या घरीं आईबापांच्या वा आजोबांच्या वह्या माळ्यावर असतील, त्यांनीं येत्या दिवाळीच्या झाडलोटींत त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एकवार उघडून पाहाव्या.