फोनवरचा आकडा आणि हाती पडणारा वेग

रात्रीची जेवणे आटोपली की आमच्या उधना-डिंडोलीकडील मराठी घरांतून खानदेशातल्या आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लागतात. नातवंडे बोलू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी आजीचा चेहरा पडद्यावर गोठतो. फोनच्या कोपऱ्यात मात्र '५जी' ही अक्षरे दिमाखाने झळकत असतात! मग खरे ५जी म्हणावे तरी कशाला?

भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला रिलायन्स जिओने सुरतेसह गुजरातच्या सर्व ३३ जिल्हा मुख्यालयांत ती 'ट्रू ५जी' या नावाने आणली. हे 'ट्रू' म्हणजे व्यापारी नाव होय. त्याचा रोख रचनेवर आहे: काही जाळी संपूर्ण नव्या यंत्रणेवर उभी असतात, तर काहींत नव्या लहरींना जुन्या ४जीच्या गाभ्याचा आधार असतो. या दुसऱ्या प्रकारात खूण ५जीची दिसत असताना माहिती ४जीवरून वाहत असणेही शक्य असते.

नावे सैल होण्याची ही पहिली वेळ नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ४जीसाठी कठोर निकष ठरवले होते. परंतु डिसेंबर २०१० मध्ये, त्यांत न बसणाऱ्या तंत्रांनाही ते नाव लावता येईल, असे त्यानेच मान्य केले.

५जीसाठी याच संघाने २०१७ साली आकडे ठरवले. जाहिरातींत शोभणारा आकडा सेकंदाला २० गिगाबिटांचा. पण तो आदर्श परिस्थितीतला. आपल्या कामाचा आकडा निराळा आहे: दाट वस्तीत शंभरांपैकी पंचाण्णव ग्राहकांना माहिती उतरवताना किमान १०० आणि पाठवताना ५० मेगाबिट मिळावेत. अर्थात ही कसोटी तंत्राची आहे. कंपन्यांवरील ते बंधन नव्हे.

एका मनोऱ्याचा वेग त्या परिसरातील सारे फोन वाटून घेतात. त्यातून ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जाताना जुन्या, कमी कंपनसंख्येच्या लहरींपेक्षा अधिक क्षीण होतात. गच्चीवर धावणारा फोन माजघरात रांगतो, तो यामुळेच.

तेव्हा वाचकहो, नवा फोन वा महाग योजना घेण्यापूर्वी घरातील एकाच जागी सकाळी आणि रात्री नऊला वेग मोजून पाहावा. उतरवण्याचा आकडा पाहून थांबू नये. पाठवण्याचाही पाहावा, कारण आपला चेहरा आजीपर्यंत पोहोचतो तो त्याच वाटेने. मेगाबिटांना आठाने भागावे, म्हणजे मेगाबाइट कळतात. १०० मेगाबिट म्हणजे साडेबाराच.

साध्या व्हिडिओ कॉलला दोन-चार मेगाबिटही पुरतात. मात्र ते अखंड हवेत. आमच्या मते, गर्दीच्या वेळीही जो टिकतो, तोच घरासाठी खरा वेग.