आधी भिंत, मग चित्र



सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात माजघराच्या भिंतीवर मी हौसेनं मोर काढला होता. चार दुपारी खपले. पण पावसाळा आला आणि पिसाऱ्याचे पापुद्रे गळू लागले. दोष रंगाचा नव्हता. भिंतीला ओल होती आणि जुना सुटा चुना मी खरवडलाच नव्हता.

डहाणू-तलासरीकडच्या वारली बायकांचं बघा. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर देवीचा चौक ‘लिहितात’. त्याआधी कुडाची भिंत शेणामातीनं सारवतात, वर गेरू देतात. तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवून पांढरा रंग करतात. बांबूची काडी चावून मऊ केली की झाला कुंचला! जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. पण त्याआधी भिंतीवरचं हे लेखन बायकांच्याच हातात होतं.

तर आपल्या घरी काय करायचं?

पहिली परीक्षा ओलीची. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी भिंतीला चिकटवा. दुसऱ्या दिवशी काढून बघा. आतून थेंब दिसले तर भिंत ओली आहे. आधी गळती शोधा, चित्र नंतर.

दुसरी परीक्षा हाताची. भिंतीवर तळवा घासा. पांढरी भुकटी लागली तर सुटा थर खरवडायलाच हवा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. भिंत ओली करून, बारीक धूळ अडवणारा मास्क लावून काढा (नुसतं फडकं पुरत नाही), आणि मुलांना लांब ठेवा.

सिमेंटचा गिलावा नवा असेल तर महिनाभर थांबा. मग प्रायमरचा हात, वर पाण्यात कालवायचा रंग. मातीच्या भिंतीला मात्र ऑइलपेंट लावू नका. आतली ओल कोंडते आणि रंग पोपडे धरून सुटतो. तिथं गेरू आणि तांदळाचं पीठच बरं. पुढच्या सणाला ते पुसट झालं तर पुन्हा सारवायचं, पुन्हा काढायचं.

चित्र आधी खडूनं आखून घ्या, चुकलं तर पुसता येतं. गटातल्या चौघी मिळून एका घरची भिंत धरा. एक दिवस भिंतीचा, दुसरा चित्राचा. मी पहिला दिवस वाचवायला गेले आणि मोर गमावला. तुमचा मोर राहू द्या.