वाँटेजच्या मठातले भांडण

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे १८९३ साल आठवते. बाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला जाऊन बसतात म्हणून पुण्यात गदारोळ उठला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले आहेत, हा समज तेव्हा घट्ट झाला तो पुरता सुटलाच नाही. पण चर्चच्या अधिकाऱ्यांशी बाई आठ वर्षांपूर्वीच भांडून बसल्या होत्या, आणि ते भांडण जास्त अवघड होते. पुण्यातल्या विरोधकांना परके म्हणता आले. इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठातले लोक त्यांनी स्वतः आपले मानलेले होते.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. ऐकू कमी येत असल्याने तो बेत बारगळला. पुण्यात ज्या अँग्लिकन भगिनींची ओळख झाली होती, त्यांच्या वाँटेजच्या मठात त्या उतरल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नवरा आदल्या वर्षी वारलेला, पोर दोन वर्षांची, छप्पर मठाचे, खर्चही मठाचा. अशा बाईने मुकाट राहावे, अशी अपेक्षा कोणीही केली असती.

रमाबाई मुकाट राहिल्या नाहीत. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. बाईंनी संस्कृत मागितले. लॅटिन तरी इथल्या किती जणांना कळते, आणि आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. पुडिंगात अंडे असते म्हणून त्या ते खात नसत. धर्म बदलला तरी जातीचा ताठा गेला नाही, असा अर्थ मठातल्या सिस्टर जेराल्डिननी काढला. ताटातल्या पदार्थावरून माणसाचा धर्म तपासण्याची खोड केवळ आपल्या भटजींचीच नव्हती, एवढे यावरून कळते.

मोठा खटका उडाला तो शिकवण्यावरून. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुणांनाही त्यांनी शिकवावे, असा विचार पुढे आला. प्राचार्य डोरोथिया बील अनुकूल होत्या. मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी मात्र हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात तिचे वजन राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर बोलून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवली, तिला हिंदुस्थानी रिवाज हे दोघे साहेब समजावत होते! आपल्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी घेतली नाही ती हरकत इंग्रजांनी घ्यावी, याचे बाईंनी पत्रात नवल केले आणि आपला निर्णय आपणच घेऊ, असे कळवले.

१८८५च्या पत्रांत वाद थेट श्रद्धेच्या मुळाशी पोहोचतो. त्रैक्याचा सिद्धान्त रमाबाईंना पटत नव्हता. अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार त्या म्हणायला तयार नव्हत्या. मनोरमेला काय शिकवायचे हेही आईच ठरवेल, असे त्यांनी बजावले. जेराल्डिननी गर्वाचा आणि हटवादीपणाचा ठपका ठेवला. बाईंचे उत्तर असे, की ब्राह्मण पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, आता बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मी घेणार नाही. ख्रिस्त सोडणार नाही, पण चर्चने लावलेला त्याचा अर्थ आपल्या विवेकाला पटल्याशिवाय मानणारही नाही. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुले ‘सत्सार’ या पुस्तिकेतून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू मांडत होते.

या पत्रांचा सूर मला त्यांतल्या मतांइतकाच मोलाचा वाटतो. उपकारांची आठवण आहे, प्रेम आहे, शिवीगाळ कुठेच नाही. आणि मुद्दा मात्र तसूभरही मागे घेतलेला नाही. ज्या जेराल्डिनशी एवढे वाजले त्यांना रमाबाई ‘आजीबाई’ म्हणत, आणि १८८६ साली अमेरिकेला गेल्यावरही संबंध तुटला नाही.

मार्च १८८९मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हते, ते या अनुभवामुळेच असे मी मानतो. कोणावर सक्ती करायची नाही. पण कोणी आपण होऊन प्रार्थनेला आले तर दारही लावायचे नाही. सदन पुढे पुण्यात आले, आणि १८९३ साली तिथे हीच भूमिका आड आली. इथे मात्र मी बाईंच्या पूर्ण बाजूने नाही. सदनातल्या विधवा जेवणाखाण्याला बाईंवर अवलंबून होत्या. आश्रय देणाऱ्याच्या प्रार्थनेचे वजन आश्रितावर किती पडते, हे वाँटेजला राहिलेल्या बाईंना ठाऊक असायला हवे होते. रानडे-भांडारकरांची चिंता अगदीच पोकळ नव्हती.

ही पत्रे जपून संकलित केली ती सिस्टर जेराल्डिननीच, स्वतःला खडे बोल सुनावणारी पत्रेही त्यात ठेवून. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. शारदा सदनाच्या वादावर मत बनवण्याआधी वाचकांनी त्यातली १८८५ची पत्रे तरी वाचावीत.