निळी बाळं आणि तीन नेमणुका

विद्यापीठाच्या बालरुग्णालयातल्या एखाद्या विभागाची कर्मचारीवार्ता बाहेरचं सहसा कुणी वाचत नाही. अमुक डॉक्टर प्रमुखपदी रुजू, तमुक यांना बढती, प्रयोगशाळेत नवे तंत्रज्ञ दाखल. मला मात्र अशा ओळी दिसल्या की तिथेच थांबावंसं वाटतं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १९३० आणि १९४१ साली अशाच काही नेमणुका झाल्या. वरवर पाहता त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण ती माणसं एका छताखाली आली नसती, तर निळ्या बाळांसाठी फुप्फुसाकडे जाणारी नवी वाट कधी आणि कुणी काढली असती, हे सांगणं अवघड आहे.

निळं बाळ म्हणजे ओठ, नखं, जीभ जांभळट दिसणारं बाळ. त्याच्या अनेक कारणांपैकी एक मोठं कारण म्हणजे हृदयातला एक चौपदरी दोष. मार्सेच्या फालो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ साली त्याचं नेमकं वर्णन केलं आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. महाधमनी त्या भोकाच्या बरोबर वर सरकलेली असते आणि सतत जोर लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली असते. फुप्फुसाची वाट अडल्यामुळे उजव्या बाजूचं अशुद्ध रक्त भोकातून थेट महाधमनीत शिरतं आणि प्राणवायू न घेताच शरीरभर फिरतं.

अशी मुलं चार पावलं चालली की उकिडवी बसतात. त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. उकिडवं बसलं की पायांतल्या रक्तवाहिन्या मुडपतात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि मग तेच रक्त फुप्फुसाच्या अरुंद वाटेत जरा जास्त शिरतं. निळाई थोडी उतरते, मूल उठून पुन्हा चालू लागतं. दोन-तीन वर्षांचं लेकरू स्वतःच्या हृदयाचा दोष असा आपल्या परीने सावरून घेतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. आजही होते.

१९३० साली हॉपकिन्सच्या बालरोग विभागाचे प्रमुख एडवर्ड्स पार्क यांनी हेलन टाउसिग यांना हृदयरोगाच्या बाह्यरुग्ण विभागाची जबाबदारी दिली. हा विभाग हॅरिएट लेन होम या मुलांच्या इमारतीत होता. त्या काळी अशा विभागात मुख्यतः संधिवाताच्या तापाने हृदय खराब झालेली मुलं येत. जन्मजात दोषांची मुलं म्हणजे ज्यांच्यासाठी काही करता येत नाही अशी मुलं. पार्क यांनी टाउसिगना त्यांच्याकडेच लक्ष द्यायला सांगितलं. शिवाय याच सुमाराला टाउसिगना ऐकू येणं कमी होत गेलं. हृदयरोगतज्ज्ञाचं सगळं काम कानांवर चालायचं, आणि या बाई बाळाच्या छातीवर बोटं टेकवून हृदयाचे ठोके आणि थरथर ओळखायला शिकल्या. जोडीला क्ष-किरणांचा फ्लुओरोस्कोप होता. त्याच्या पडद्यावर धडधडतं हृदय या कुशीवरून, त्या कुशीवरून बघत त्यांनी कुठला दोष कसा दिसतो याचा अक्षरशः नकाशा तयार केला.

त्यांच्या आधी हा रस्ता माँट्रिअलच्या मॉड ॲबट यांनी चालून ठेवला होता. मॅकगिल विद्यापीठाने ॲबटना वैद्यकीय शाळेत प्रवेश नाकारला आणि पुढे त्यांनाच वैद्यकीय संग्रहालयात नेमलं. बरण्यांमधली हृदयं सांभाळण्याचं काम त्यांनी इतक्या निष्ठेने केलं की १९३६ साली जन्मजात हृदयदोषाच्या एक हजार रुग्णांचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. तीही एक नेमणूकच, आणि नेमणाऱ्यांना तिचं मोल फारसं कळलं असेल असं वाटत नाही.

टाउसिगना बोटांनी आणि पडद्यावर काय सापडलं? आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं श्वास घेत नसतात, म्हणून फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते. निरोगी बाळात मिटायलाच हवी. पण टाउसिगना दिसलं की काही निळी बाळं जन्मल्यावर बरी असतात आणि ही नळी मिटली की एकदम ढासळतात. नळी उघडी राहिलेली मुलं मात्र तग धरतात. म्हणजे महाधमनीतलं रक्त या नळीतून मागे फुप्फुसात जात होतं आणि तेवढ्या आधारावर बाळ जगत होतं. मग मिटलेल्या नळीची जागा घेणारी दुसरी नळी करून दिली तर?

बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ साली एका मुलीची उघडी राहिलेली नळी शस्त्रक्रियेने बांधून टाकली होती. नळी बंद करता येते तर बनवताही येईल, असा विचार करून टाउसिग त्यांच्याकडे गेल्या. ग्रॉसना ती कल्पना पटली नाही. टाउसिग परत आल्या.

आता दुसरी नेमणूक. १९४१ साली आल्फ्रेड ब्लेलॉक हॉपकिन्सला शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख म्हणून आले. तिसरी नेमणूक त्यांच्या अटीतूनच झाली: माझ्यासोबत विव्हियन थॉमस येतील. थॉमस नॅशव्हिलचे. सुतारकाम करून महाविद्यालयासाठी पैसे साठवत होते, पण मंदीत बँक बुडाली आणि साठवलेले पैसे गेले. १९३० साली ते ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम संशोधकाचं, पण कागदोपत्री हुद्दा सफाई कामगाराचा, कारण ते कृष्णवर्णीय होते. हॉपकिन्समध्ये ते पांढरा कोट घालून बोळातून गेले की लोक वळून पाहत. तिथे कृष्णवर्णीय माणूस अशा कोटात कुणी पाहिलाच नव्हता.

या दोघांनी नॅशव्हिलला असताना कुत्र्यांवर एक प्रयोग करून ठेवला होता. हाताकडे जाणारी धमनी कापून ती फुप्फुसधमनीला जोडायची आणि फुप्फुसातला दाब वाढतो का ते पाहायचं. दाब वाढला नाही, कुत्री ठणठणीत राहिली. प्रयोग फसला म्हणून बाजूला पडला. १९४३ साली टाउसिग या दोघांसमोर बसल्या आणि म्हणाल्या की प्लंबर पाइप फिरवतो तसं फुप्फुसाकडे जास्त रक्त वळवता आलं पाहिजे. त्यांना हवं असलेलं उत्तर त्या फसलेल्या प्रयोगात आधीच होतं! तीन माणसं एका खोलीत आली नसती तर प्रश्न हॅरिएट लेनमध्ये राहिला असता आणि उत्तर जुन्या नोंदवहीत.

मग थॉमस यांचं काम सुरू झालं. आधी कुत्र्यांमध्ये निळेपणा निर्माण करायचा आणि मग तो दुरुस्त करायचा. सुमारे दोनशे कुत्र्यांवर त्यांनी हे केलं. इतक्या बारीक धमन्या शिवायला योग्य सुया नव्हत्या, म्हणून बाजारातल्या सुया तोडून, टोकाला धार लावून त्यांनी स्वतः तयार केल्या. दीर्घकाळ जगलेल्या पहिल्या कुत्रीचं नाव ॲना. तिचं चित्र हॉपकिन्समध्ये लावलं गेलं.

२९ नोव्हेंबर १९४४. पंधरा महिन्यांची मुलगी, वजन जेमतेम चार किलो. हृदय-फुप्फुस यंत्र अजून जन्मायचं होतं, म्हणजे हृदय धडधडत असतानाच बाजूच्या वाहिन्या शिवायच्या. ही जोडणी थॉमस यांनी ब्लेलॉक यांच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा केली होती, म्हणून ब्लेलॉक यांनी त्यांना बोलावून घेतलं. ब्लेलॉक यांच्या उजव्या खांद्यामागे एका स्टुलावर उभं राहून थॉमस टाक्याटाक्याला सांगत होते. हाताची मुख्य धमनी कापल्यावर त्या हाताचं काय, हा प्रश्न कुणालाही पडेल. खांद्याभोवती बारीक वाहिन्यांचं जाळं असतं. मुख्य वाट बंद झाली की त्याच वाहिन्या रुंदावतात आणि हात जगवतात. एका अवयवाचं रक्त दुसऱ्याला द्यावं आणि पहिल्याने स्वतःची वेगळी सोय करून घ्यावी, याहून मोठं औदार्य शरीरात मला माहीत नाही.

ती मुलगी सावरली, पण काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली आणि गेली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. चिमटे काढले आणि टेबलावरच त्याचे ओठ गुलाबी झाले. मे १९४५ मध्ये या तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि निळ्या मुलांना घेऊन आईबाप बाल्टिमोरची वाट धरू लागले. १९५१ पर्यंत या चमूने हजाराहून अधिक मुलांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या.

त्या वृत्तांतावर ब्लेलॉक आणि टाउसिग ही दोन नावं होती. थॉमस यांचं नव्हतं. टाउसिगनाही पूर्ण प्राध्यापकपदासाठी १९५९ सालापर्यंत थांबावं लागलं. ज्यांच्या हाताखाली शल्यचिकित्सकांची एक पिढी तयार झाली, त्या थॉमस यांचं तैलचित्र १९७१ मध्ये लागलं, १९७६ मध्ये मानद पदवी मिळाली आणि त्यानंतर ते अध्यापकवर्गात रीतसर दाखल झाले. मला या तारखा वाचताना राग येतो, आणि तो यावा असंच वाटतं. अलीकडच्या वैद्यकीय लेखनात या शस्त्रक्रियेच्या नावात ब्लेलॉक आणि टाउसिग यांच्यामध्ये थॉमस हे नाव घालण्याची पद्धत रूढ होते आहे.

आपल्याकडचे बालहृदयतज्ज्ञ आजही बीटी (ब्लेलॉक-टाउसिग) शंट म्हणतात ती हीच जोडणी. आता बहुतेक वेळा हाताची धमनी न कापता कृत्रिम नळी बसवतात. आणि जन्मतःची नळी मिटू नये म्हणून नवजात बाळाला प्रोस्टाग्लँडिनची सलाइन लावतात. टाउसिगनी जे पाहिलं तेच आज बाटलीतून थेंबाथेंबाने दिलं जातं. महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासतात, ती जन्मजात हृदयदोषही शोधतात. चालता चालता उकिडवं बसणारं मूल दिसलं तर शेजाऱ्यानेही आईबापांना सांगावं.

आणि कर्मचारीवार्तेत आता एक वेगळी ओळ दिसू लागली आहे: जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांसाठी डॉक्टरांची नेमणूक. १९४४ साली असं पद कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. त्यानंतरच्या काळात शस्त्रक्रिया झालेली कितीतरी मुलं आता चाळिशीला, पन्नाशीला पोचली आहेत, काहींना स्वतःची मुलं आहेत, आणि लहानपणी शिवलेलं हृदय तपासायला त्यांना कुणीतरी जाणकार लागतो. तो नेमायचा कुठे, मुलांच्या रुग्णालयात की मोठ्यांच्या, यावर जगभरच्या विभागांत चर्चा चालू आहे.