सैन्याधिकाऱ्याची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय सेनादलांत अधिकारी होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणांत व त्यांच्या पालकांत निवडप्रक्रियेविषयी जे प्रवाद रूढ झाले आहेत, त्यांच्यापायी कित्येक लायक उमेदवार अर्ज करण्यापूर्वीच माघार घेतात. म्हणून त्या प्रवादांची छाननी होणे अगत्याचे आहे.

गैरसमज : लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली की निवड पक्की.
वस्तुस्थिती : खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा जी परीक्षा घेतो, तिच्या लेखी भागास ९०० गुण आहेत आणि सेवा निवड मंडळाच्या, म्हणजे 'एसएसबी'च्या, कसोट्यांसही तितकेच गुण मुक्रर आहेत. मंडळाकडे गेलेले अनेक उमेदवार पहिल्याच दिवशीच्या चाळणीत गळतात. आणि ज्यांची शिफारस होते, त्यांनाही वैद्यकीय तपासणी व अखेरची गुणवत्ता यादी ओलांडावी लागते.

गैरसमज : सारे काही मुलाखतीवर, किंबहुना वशिल्यावर अवलंबून असते.
वस्तुस्थिती : एकाच व्यक्तीच्या मर्जीवर निवड अवलंबून राहू नये, अशीच या पद्धतीची रचना आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, देहरादून येथे प्रायोगिक निवड मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून मानसशास्त्रीय चाचण्या अधिकारी-निवडीचा भाग झाल्या. आज मानसशास्त्रज्ञ, गट-चाचणी अधिकारी व मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे उमेदवारास स्वतंत्रपणे पारखतात आणि अखेरच्या दिवशीच्या परिषदेत आपापली निरीक्षणे एकत्र मांडतात. अमुक इतकेच उमेदवार घ्यावेत असे बंधन मंडळावर नसल्यामुळे शेजारी बसलेला सोबती हा प्रतिस्पर्धी ठरत नाही.

गैरसमज : शिकवणीत पाठ केलेली उत्तरे तारून नेतात.
वस्तुस्थिती : शब्दसाहचर्य चाचणीत ६० शब्द एकामागून एक दाखविले जातात आणि प्रत्येकासाठी अवघे १५ सेकंद मिळतात, त्या घाईत घोकलेला आदर्शवाद फार काळ टिकत नाही. कागदावर धैर्याच्या कथा रचणारा तरुण मैदानावर फळ्या व दोर घेऊन अडथळा ओलांडताना सोबत्यांचे ऐकतो की केवळ आपलाच आवाज चढवितो, हे दुसरे नेत्र टिपत असतात; आणि या दोन चित्रांत विसंगती आढळली की परिषदेत ती उघडी पडते. नेतृत्व म्हणजे गर्जना नव्हे. अडलेल्या गटाला मार्ग सुचविणे आणि दुसऱ्याची चांगली सूचना मोकळेपणाने स्वीकारणे, हेही नेतृत्वच होय.

गैरसमज : ही वाट सैनिकी घराण्यांतील मुलांचीच, आणि एकदा नकार मिळाला की ती कायमची बंद.
वस्तुस्थिती : वयोमर्यादेत असेपर्यंत उमेदवार पुन्हा प्रयत्न करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीची दारे मुलींनाही उघडली, आणि सेवेतील जवानांस अधिकारीपदापर्यंत नेणारे आर्मी कॅडेट कॉलेज देहरादूनलाच आहे. छत्रपती संभाजीनगर येथील सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट ही शासकीय संस्था १९७७ पासून महाराष्ट्रातील मुलांना याच परीक्षांसाठी तयार करीत आली आहे.

तेव्हा पालकांनी मुलास मुखवटा शिकविण्यात द्रव्य वेचू नये. खेळाच्या संघात, शाळेच्या कार्यात आणि घरच्या व्यवहारात त्याच्यावर खरी जबाबदारी सोपवावी, आणि ती निभावताना त्याने केलेल्या चुका त्याच्याच हातून सुधारून घ्याव्यात. सैन्याला हवे असलेले गुण जबाबदारी पेलतानाच अंगी बाणतात.