दाढीच्या पात्याचा हिशेब

महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत साबण, टूथपेस्ट, खोबरेल तेल सगळं असतं. दाढीचं पातं मात्र बहुतेक घरांत यादीबाहेरच! सकाळच्या घाईत 'अगं, ब्लेड संपलं' अशी हाक येते, मग मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचं आणि दुकानदार देईल ते आणायचं. बरं, आता घरात एकच रेझर असतो असंही नाही. ह्यांचा एक, कॉलेजात गेलेल्या चिरंजीवांचा एक आणि लेकीचा गुलाबी. तिघांचा वर्षाचा खर्च एकदा कागदावर मांडून बघा, डोळे पांढरे होतील.

गोम कुठे आहे सांगते. पाकिटात दांडा आणि एक-दोन कार्ट्रिज मिळतात, किंमतही परवडणारी असते. पण ते कार्ट्रिज बोथट झालं की त्या दांड्याला बसणारंच रिफिल घ्यावं लागतं. म्हैस स्वस्त, पेंड महाग, अशातली गत. गंमत म्हणजे किंग जिलेट यांनी 1903 मध्ये बदलत्या पात्यांचा रेझर विकायला काढला तेव्हा दांडाच महाग होता, चांगला पाच डॉलरचा. पुढे 1921 मध्ये पेटंट संपलं, स्पर्धक आले आणि दांडा स्वस्त करून पात्यांवर कमवायची पद्धत रुळली.

म्हणून खरेदी करताना दांड्याची किंमत बाजूला ठेवा, रिफिलची विचारा. आणि भागाकार करा एका दाढीचा. समजा, चार रिफिलचं पाकीट 400 रुपयांना आहे आणि एक रिफिल दहा वेळा चालतं. म्हणजे दाढीला दहा रुपये. एका पात्याचं साधं रिफिल दहा रुपयांचं, चाललं पाच वेळा, तर दाढीला दोन रुपये. आणि जुन्या पद्धतीच्या दुधारी ब्लेडला तीन रुपये पडले, ते चार वेळा चाललं, तर रुपयाच्याही आत! महिन्यातून पंचवीस दाढ्या धरल्या तर कुठे अडीचशे, कुठे पन्नास आणि कुठे वीससुद्धा नाहीत. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तुमच्या दुकानातले भाव घालून बघा. फक्त दुधारी ब्लेडला हात बसावा लागतो, नवशिक्या मुलाच्या हाती ते लगेच देऊ नका.

तीन पाती, पाच पाती यांना भुलायचं कारण नाही. रोज दाढी करणाऱ्याला एक-दोन पाती पुरतात. शिवाय आपल्याकडच्या पाण्याचाही विचार हवा. जास्त पात्यांच्या फटीत केस अडकतात, ते वाहत्या नळाखाली निघतात, मगातल्या पाण्यात नाही. ही गोष्ट कंपन्यांनाही उशिरा कळली. जिलेटने भारतासाठी काढलेला एक रेझर आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांकडून तपासून घेतला होता. तिथे नळाला पाणी होतं, सगळं छान झालं. इथे वाटीभर पाण्यात दाढी करणाऱ्यांकडे तो तुंबायला लागला! मग घरोघरी जाऊन पाहणी केली आणि 2010 मध्ये एका पात्याचा 'गार्ड' आला, तेव्हा पंधरा रुपयांना, रिफिल पाच रुपयांना.

आता लेकीच्या गुलाबी रेझरकडे वळू. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने 2015 मध्ये दुकानांतल्या किमती ताडून पाहिल्या, तर बायकांसाठीची प्रसाधनं पुरुषांच्या तशाच वस्तूंपेक्षा सरासरी 13 टक्के महाग निघाली. आपल्या दुकानातही दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून एका नगाची किंमत बघा. रंगाचेच पैसे जात असतील तर साधा निळा घ्यायला काय हरकत आहे? 'रेझरने केस राठ येतात' म्हणून आज्जी ओरडतील, त्यांना सांगा की हे खरं नाही, 1928 मध्येच तपासून झालंय. केसाचं टोक कापलं जातं म्हणून हाताला खरखरीत लागतं, इतकंच.

पण बचतीच्या नावाखाली एकच रेझर बाप-लेकांनी किंवा मायलेकींनी वापरायचा नाही. बारीकशी चीर पडली तरी रक्त लागतं आणि हिपॅटायटिस बी, सी अशाने पसरू शकतो. प्रत्येकाचा दांडा वेगळा, त्याला रंगीत दोरा बांधून ठेवा.

पातं जास्त टिकवायचं तर अंघोळीनंतर, केस मऊ असताना वापरावं. कोरड्या केसावर पात्याची धार लवकर जाते. 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी तर दाखवलं की आपल्या मऊ केसानेही पोलादी पात्याच्या धारेचे कपचे उडतात. वापरून झाल्यावर पाणी झटकून, न्हाणीघराबाहेर हवेशीर जागी ठेवा, टॉवेलने पुसू नका. आणि ओढायला लागलं, त्वचा लाल झाली की मात्र दोन दाढ्यांसाठी कंजुषी नको.

जुनी पाती उघडी कचऱ्यात टाकू नका. एखाद्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून त्यात टाकत जा, वर्षभर तरी भरत नाही. भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं ठळक लिहून, घंटागाडीवरच्या ताईंच्या हातात सांगून द्या.