लाखोरी खा, पण एकटी खाऊ नका

फाल्गुन लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात अंगणे सारवली जातात. अंगणात लाखोरीचा ढीग येऊन पडतो. काठीने ती झोडायची, सुपाने पाखडायची. कुटार बैलांना जाते, दाणे घरात येतात. पवनी असो, साकोली असो, लाखांदूर असो. जिथे धानाच्या बांध्या आहेत तिथे लाखोरी आहेच. कोणी तिला लाख म्हणतात, कोणी लाखोळी. दाणा एकच. पाचरीसारखा, कोपरे निघालेला.

पीक मोठे गुणाचे. धान कापायच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात दाणे फेकायचे. नांगर नको, पाण्याची पाळी नको, खत नको. धान कापले की खालून लाखोरी वर येते. जमिनीतल्या ओलीवर वाढते. याला उतेरा म्हणतात, हे तुम्हाला मी काय सांगावे! पण एक गोष्ट ठाऊक नसेल. लाखोरीचे रोप उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्या गाठींतले जंतू हवेतले नत्र धरून ठेवतात. पुढच्या धानाला ते खत म्हणून मिळते, आणि तेही फुकट.

इतके चांगले पीक. मग लाखोरीचे नाव काढले की डॉक्टर मान का हलवतात?

याचे उत्तर फार जुने आहे. आपल्या उत्तरेला मध्य प्रदेशात सागर जिल्हा आहे. १८२९ साली तिथे गारपीट झाली. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गव्हावर रोग पडला. तीन वर्षे गहू बुडाला. शेतात तगली ती फक्त लाख. लोकांनी तीच खाल्ली. भाकर तिची, डाळ तिची. १८३३ साली गावागावांतली तरणी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याने हे सारे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे.

या रोगाला डॉक्टर लॅथिरिझम म्हणतात. तो कसा येतो ते नीट वाचा. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. पाय जड होतात, ताठरतात. मग टाचा जमिनीला टेकत नाहीत. माणूस चवड्यांवर चालतो. पुढे एक काठी लागते, मग दोन लागतात. काहींना शेवटी हातांवर सरकत जावे लागते. डोके शाबूत, हात बहुधा शाबूत, पण पाय गेले. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. कोणाची करणी नाही, देवाचा कोप नाही. लाखोरीच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते, त्याचा हा परिणाम. राबणाऱ्या तरुण पुरुषांत तो जास्त दिसला आहे. पायांतली गेलेली ताकद बहुधा परत येत नाही. म्हणून पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, पाय ताठू लागले, की लाखोरी त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा.

कोणी म्हणेल, "आमच्या आजाने जन्मभर लाखोरी खाल्ली. नव्वद वर्षांचा होऊन गेला. त्याला तर काही झालं नाही!"

खरे आहे. त्याला होणारही नव्हते. आजा लाखोरी खात होता, पण भाताबरोबर. तुरीचे वरण एक दिवस, पोपटाच्या शेंगा दुसऱ्या दिवशी, कधी तलावातली मासळी. लाखोरी ताटात होती, पण ताट लाखोरीचे नव्हते. रोग होतो तो रोजच्या खाण्यात तिसरा हिस्सा किंवा जास्त लाखोरीच असली, आणि असे दोन-तीन महिने सतत चालले, तर.

असे कोणाच्या घरी घडते? ज्याच्या घरी दुसरे काहीच नसते त्याच्या. रीवा भागात शेतमजुरांना मजुरी म्हणून लाखच मोजून देत. धान्य पिकवणारा तोच, आणि लुळा पडणाराही तोच. १९०७ साली रीवाच्या महाराजांनी या डाळीवर बंदी घातली. पुढे १९६१ साली भारत सरकारने ती विकायला बंदी केली. तरी लोकांनी पेरणे सोडले नाही. सोडणार कसे? बांधीत फुकट येणारी डाळ कोण टाकून देईल? यात आणखी एक कपट आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकीची पिके जातात आणि लाखोरी तगते. आणि ओल कमी पडली की तिच्यातले विष वाढते. म्हणजे भुकेच्या वर्षीच ती जास्त घातक.

आता शास्त्रज्ञांनी कमी विषाची वाणे काढली आहेत. रतन, प्रतीक, महातिवडा ही त्यांची नावे. कृषी सहायकाला विचारून यांतले बियाणे पेरावे. पण विष कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. शिवाय शेजारच्या बांधीत जुने बियाणे असले तर मधमाश्या तिकडचे पराग इकडे आणतात. म्हणून घरात कोणतीही लाखोरी असो, शिजवायची रीत सोडू नका.

रीत सोपी आहे. हे विष पाण्यात विरघळते. एक माप डाळ असेल तर चार मापे पाणी घ्या. पाण्याला चांगली उकळी येऊ द्या. गंज चुलीवरून उतरवा, डाळ त्यात टाका, वर झाकण ठेवा. दोन तास तसेच राहू द्या. मग ते पाणी ओतून टाका. डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि नव्या पाण्यात शिजवा. इतके केले की बरेचसे विष निघून जाते. ओतलेले पाणी गुरांना पाजू नका. पेज समजून लेकरांना तर मुळीच देऊ नका.

बाया म्हणतील, "मग चव काय राहिली?" थोडी जाते, खोटे कशाला बोला. लसूण-मिरचीची फोडणी द्या, चिंच घाला, वरून सांबार चिरून टाका. वड्यांसाठी डाळ वाटायची तरी आधी असेच करा. पिठाचे मात्र ध्यानात ठेवा. पीठ काही धुता येत नाही. म्हणून डाळ आधी गरम पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा, मगच दळा. पौषात कोवळी लाखोरी खुडून आपण भाजी वाळवून ठेवतो. त्या पानांतही हे द्रव्य असते. ती भाजीही उकळून, पाणी पिळून, मग फोडणीला टाका. आणि बाजारातून तुरीची डाळ आणाल तेव्हा मूठभर हातावर घेऊन निरखा. तुरीत लाख मिसळून विकणारे व्यापारी पूर्वीपासून आहेत.

डाळ धुतली की विषाबरोबर थोडे सत्त्वही जाते. ते भरून कसे काढायचे? जोडीला दुसरे काहीतरी खाऊन. आफ्रिकेत इथिओपिया नावाचा देश आहे. तिथेही गरिबाची डाळ हीच, आणि दुष्काळात तिथेही माणसे लुळी पडली. तिथल्या पाहणीत असे दिसले की ज्या घरी लाखेबरोबर दुसरे धान्य खात आणि कालवणात कांदा, लसूण, आले घालत, त्या घरी हा रोग कमी होता.

आपल्याकडे अडचण येते ती चैत्र-वैशाखात. थंडीतली वांगी-भेदरे संपतात. बाजाराची भाजी महाग होते. घरात उरतो तांदूळ आणि लाखोरी. म्हणून लाखोरी घरात येते त्याच दिवसांत परसात एक वाफा करा. दहा हात लांब, चार हात रुंद पुरे. न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाते आणि डास पोसते, तिथेच तो करावा. साबण-सोड्याचे पाणी तेवढे वेगळे काढा. शेणखत घाला. तलाव आटला असेल तर चार टोपल्या गाळ आणा, त्यासारखे खत नाही. चवळाई टाका, ती महिन्याच्या आत खुडायला येते. कडेला भेंडी आणि गवार लावा. ढेमशाचा आणि दोडक्याचा वेल कुंपणावर चढवा. रोपे वितभर झाली की मधल्या जागेत धानाचा तणस पसरा. ओल टिकते, पाणी निम्मे लागते. पाणी सांज उतरल्यावर द्यावे. ऊन, रोग, किडे यांचे मला इतके भय वाटत नाही जितके कोंबड्यांचे वाटते. एका सकाळी सगळा वाफा उकरून ठेवतात. बाभळीच्या काट्यांचे कुंपण आधी, बियाणे नंतर.

ज्याला वाफाही जमत नाही त्याने एक मुंगना लावावा. शेजाऱ्याच्या झाडाच्या शेंगा निघून गेल्या की तो फांद्या छाटतो, तेव्हा एक मागून आणा. मनगटाएवढी जाड, दोन-तीन हात लांब. दोन दिवस सावलीत ठेवा. मग हातभर खड्ड्यात रोवा. बुडाशी पाणी तुंबू देऊ नका, नाहीतर कुजते. पुढच्या उन्हाळ्यात शेंगांची वाट पाहा, पण पाला त्याच्या आधीपासून खुडता येतो. मूठभर पाला धुतलेल्या लाखोरीत टाकायचा आणि दोन्ही मिळून शिजवायचे.